अंगणवाडी सेविकांना बालसंरक्षणाचे प्रशिक्षण कसे द्यावे

अंगणवाडीत येणारी तीन ते सहा वर्षांची मुले अत्याचाराची तक्रार करत नाहीत, कारण आपल्या बाबतीत जे घडते आहे ते चुकीचे आहे हेच त्यांना कळलेले नसते. घराबाहेर त्यांना रोज जवळून पाहणाऱ्या व्यक्ती दोनच, सेविका आणि मदतनीस. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. ही माहिती बीटच्या, म्हणजे काही अंगणवाड्या मिळून केलेल्या गटाच्या, बैठकीत सांगून प्रशिक्षण संपवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याने मुलांचे संरक्षण होत नाही. हे मार्गदर्शन अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविका, प्रकल्प अधिकारी आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

सत्राला मदतनिसांनाही बोलवावे. मुलांना शौचालयात नेणे, हातपाय धुणे, घरी पोहोचवणे ही कामे बहुतेक ठिकाणी त्याच करतात, तरी प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच असते. एका वेळी वीस-पंचवीस जणींपेक्षा मोठा गट घेऊ नये. या बायकांपैकी काहींनी स्वतः लहानपणी असा अनुभव घेतलेला असू शकतो. त्यामुळे कोणालाही न विचारता बाहेर जाण्याची मोकळीक आहे, हे सुरुवातीलाच सांगावे आणि नंतर एकट्याने बोलायला समुपदेशक उपलब्ध ठेवावी.

कायद्याच्या कलमांच्या आधी भीतीविषयी बोलावे. सेविका त्याच गावात राहते, संशयित माणूस तिच्याच गल्लीतला, कदाचित भावकीतला असतो आणि ‘आपापसात मिटवून टाका’ असे सांगायला चार वजनदार माणसे दारात येतात. ही भीती खरी आहे. ती मोकळेपणाने बोलून झाली की मग कायदा तिच्या बाजूने कसा उभा आहे हे सांगता येते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडेल अशी शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी पुरावा गोळा करावा लागत नाही, पालकांची परवानगी लागत नाही आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणतीही दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. उलट न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा माहिती वेळेत न दिल्याबद्दल शाळेच्या जबाबदार मंडळींवरही गुन्हा नोंदवला गेला. हे उदाहरण सत्रात जरूर द्यावे, मात्र मुलींच्या ओळखीविषयी एक शब्दही चर्चेत येऊ देऊ नये.

खुणांचा भाग शिकवताना अतिरेक टाळावा. पडण्या-झडण्याने गुडघा, कोपर, कपाळ फुटते; पाठ, कानामागचा भाग, मांडीची आतली बाजू येथे वारंवार वळ दिसले तर विचारणा करणे भाग आहे. बंद झालेले अंथरुणात लघवी करणे पुन्हा सुरू होणे, लघवीच्या वेळी दुखणे, विशिष्ट माणसाकडे जायला नकार, वयाला न शोभणारे लैंगिक खेळ यांपैकी एकच खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये. तारखेनिशी नोंद ठेवावी आणि बदलावर लक्ष ठेवावे. मेळघाटात पोट फुगले म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची, ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. तिथे हेतू उपचाराचा असला तरी इजा इजाच असते. अशा बाळाला आधी दवाखान्यात न्यायचे आणि मग घरच्यांशी बोलायचे, हा क्रम पक्का सांगावा.

सर्वाधिक वेळ मात्र ऐकून घेण्याच्या सरावाला द्यावा. दोघी-दोघींच्या जोड्या कराव्यात. एकीने चार वर्षांची मुलगी होऊन खेळता खेळता म्हणावे, “बाई, आजोबा शूच्या जागी दुखवतात.” समोरची बहुधा लगेच विचारते, “कोणते आजोबा? हात लावला का? आईला का नाही सांगितलंस?” इथे थांबवून दाखवावे की दुसऱ्या प्रश्नाने मुलीच्या तोंडी आपले शब्द घातले आणि तिसऱ्याने दोष तिच्यावर ढकलला. मग पुन्हा करून घ्यावे: मुलीच्या उंचीला बसावे, चेहरा शांत ठेवावा आणि “बरं, मला सांग”, “मग काय झालं?” एवढेच म्हणावे. ती थांबली की आपणही थांबावे. “तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही” हे वाक्य प्रत्येकीकडून मोठ्याने म्हणून घ्यावे. “कोणाला सांगणार नाही” असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. चौकशी करणे, खातरजमा करणे हे सेविकेचे काम नाही; ते पोलिसांचे आहे, आणि वारंवार विचारलेल्या प्रश्नांनी मुलाचा जबाब कच्चा होतो.

मुलगी गेल्यावर तिचे शब्द, तिच्याच बोलीत, तारीख-वेळेसह लगेच लिहून काढण्याचा सराव घ्यावा. “अत्याचार झाल्याचे समजले” असे लिहू नये. “आजोबा शूच्या जागी दुखवतात” असेच लिहावे. ही नोंद कुलुपात राहावी आणि व्हॉट्सअॅप गटावर तिचा फोटो कदापि जाऊ नये.

त्यानंतर फोन कोणाला करायचा? लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्याला किंवा ११२ वर द्यावी. मदतीसाठी, तसेच मारहाण वा दुर्लक्षाच्या प्रकरणी १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि पुढे बालकल्याण समिती मुलाच्या निवाऱ्याचा व काळजीचा निर्णय घेते. मुख्य सेविकेला कळवावे, पण तिच्या होकाराची वाट पाहू नये. संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी आधी सांगणे धोक्याचे ठरते. घटना ताजी असल्यास मुलाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर तातडीने मोफत उपचार करायचे असतात आणि त्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवायचा असतो, हे सेविकेला माहीत असले तर ती पालकांना धीर देऊ शकते.

मुलांना सुरक्षित-असुरक्षित स्पर्श जरूर शिकवावा, पण तीन वर्षांच्या मुलाने स्वतःचे रक्षण करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याआधी अंगणवाडीची घडी पाहावी: सेविका बैठकीला गेलेल्या दिवशी मुले कोणाकडे असतात, शौचालय नसल्यास मुलांसोबत कोण जाते, मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावे नोंदवलेली आहेत का, दुरुस्तीला येणारा माणूस मुलांजवळ एकटा राहतो का. प्रत्येकीने आपल्या अंगणवाडीचा कागदावर नकाशा काढून नजरेआड राहणाऱ्या जागा दाखवाव्यात. सेविकेच्या स्वतःच्या वागण्यावरही बोलावे. काळजीसाठी सोपवलेल्या मुलाला संस्थेतल्या कर्मचाऱ्याने क्रूरपणे वागवल्यास बालन्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास राखून ऐकण्याचा सराव पुन्हा घ्यावा, नव्याने रुजू झालेल्यांना त्यात आधी उभे करावे. एखाद्या सेविकेने माहिती दिली असेल तर तिचे नाव बैठकीत न घेता, मुख्य सेविकेने त्या आठवड्यात स्वतः तिच्या अंगणवाडीला भेट द्यावी, दबाव येत असेल तर तो लेखी नोंदवून जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावा आणि पोलीस ठाण्यात जावे लागल्यास तिच्यासोबत जावे.