पन्नास मीटरवरून बॉम्बफेक: सिम्युलेटरमध्ये हात कसा बसवावा

अगदी कमी उंचीवरून बॉम्ब टाकायला शिकणारा नवखा वैमानिक बहुधा शत्रूच्या तोफांनी मरत नाही, स्वतःच्याच बॉम्बने मरतो. सुटलेल्या बॉम्बला विमानाचाच वेग मिळालेला असतो. तो मागे राहत नाही, तुमच्या पोटाखालून तुमच्याच गतीने पुढे येत असतो. म्हणजे तो ज्या क्षणी आदळतो त्या क्षणी तुम्ही जवळपास त्याच्या डोक्यावर असता. स्फोट तिथल्या तिथे झाला, तर पन्नास मीटरवरचे विमान वाचत नाही. म्हणून सगळ्यात आधी फ्यूजचा विलंब, म्हणजे बॉम्ब आदळल्यानंतर किती वेळाने फुटायचा ते, ठरवायचे.

इथली उदाहरणे दुसऱ्या महायुद्धावरच्या 'आयएल-२ ग्रेट बॅटल्स' या सिम्युलेटर खेळातल्या ए-२०बी या अमेरिकी बनावटीच्या बॉम्बफेकी विमानाची आहेत. नकाशा दक्षिण रशियातल्या कुबानचा, लक्ष्य काळ्या समुद्रातले मालवाहू जहाज. सोव्हिएत नौदलाचे वैमानिक ए-२० वरून अशी बॉम्बफेक करत, तिला ते 'टॉप-मास्ट' म्हणजे डोलकाठीच्या उंचीवरची बॉम्बफेक म्हणत. पॅसिफिकमध्ये अमेरिकनांनी हेच तंत्र 'स्किप बॉम्बिंग' म्हणून वापरले. मार्च १९४३ मध्ये न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क समुद्रातल्या लढाईत जपानी ताफ्याची आठही वाहतूक जहाजे आणि आठपैकी चार विनाशिका बुडाल्या, त्यात या तंत्राचा वाटा मोठा होता. त्या बॉम्बना चार ते पाच सेकंदांचा विलंब असे. तुम्हीही पाच सेकंद ठेवा. ताशी ४०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १११ मीटर. पाच सेकंदांत तुम्ही साडेपाचशे मीटर पुढे गेलेले असता.

आधी आकडे

उंची ५० मीटर, वेग ताशी ४०० किलोमीटर, विमान समतल. ए-२० च्या घड्याळांवर हेच साधारण १६५ फूट आणि २५० मैल दिसेल. हवेचा रोध सोडला तर बॉम्ब ३.२ सेकंदांत खाली पोचतो आणि तेवढ्यात ३५५ मीटर पुढे जातो. बॉम्ब सोडताना लक्ष्य क्षितिजाच्या ८ अंश खाली दिसायला हवे. हा एकच कोन डोळ्यांत बसवायचा आहे. उंची किंवा वेग बदलला की कोनही बदलतो, म्हणून पहिले काही दिवस दुसऱ्या कुठल्याही उंचीवरून टाकू नका.

आता चुकांचा हिशोब. उंची दहा मीटर जास्त झाली, तर बॉम्ब ३४ मीटर पुढे पडतो. वेग ताशी वीस किलोमीटर जास्त असेल, तर १८ मीटर. आणि बटण दाबताना विमान जेमतेम दोन अंशांनी वर चढत असेल, तर ४६ मीटर! नेम चुकण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. जहाज अंगावर येताना दिसले की हात आपोआप स्टिक मागे ओढतो आणि बॉम्ब डोलकाठ्यांवरून पलीकडे जातो. माणूस मात्र पुढच्या खेपेला 'जरा आधी सोडू' म्हणून सोडण्याची वेळ बदलत बसतो. वेळ बदलू नका, हात सैल ठेवा.

उंची डोळ्याने ओळखणे

पन्नास मीटरवर उंचीमापकाकडे बघत बसायला फुरसत नसते, आणि त्याचा काटा मागेही रेंगाळतो. त्यापेक्षा क्षितिज पाहा. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. त्यामुळे जहाजाच्या डोलकाठीचे टोक क्षितिजाला टेकले असेल, तर तुम्ही जवळजवळ डोलकाठीच्याच उंचीवर आहात. डोलकाठी पंचवीस मीटरची असेल, तर पन्नास मीटरवरून तिचे टोक पाणरेषा आणि क्षितिज यांच्या बरोबर मध्यावर दिसेल. टोक क्षितिजाच्या वर डोकावले, तर तुम्ही आदळण्याच्या मार्गावर आहात. ही खूण जहाज दूर असतानाही चालते आणि एकदा कळली की उंचीमापकाची आठवण राहत नाही.

सराव, क्रमाने

१. क्विक मिशन, म्हणजे खेळातले झटपट सुरू होणारे छोटे उड्डाण, घ्या. वारा शून्य, हवामान स्वच्छ, शत्रूची विमाने नाहीत. पहिल्या पाच फेऱ्या बॉम्ब न टाकता करा. जहाजावरून पन्नास मीटरवर सरळ निघून जायचे, एवढेच.

२. लक्ष्यापासून पाच किलोमीटरवर वळण संपवा आणि उतरायला लागा. तीन किलोमीटरवर उंची आणि वेग ठरलेले हवेत. तिथून जहाजापर्यंत २७ सेकंद लागतात. ऐकायला कमी वाटतात, पण पुरतात.

३. बॉम्ब-कप्प्याचे दरवाजे इथेच उघडा. ते उघडले की हवेचा रोध वाढून वेग उतरतो, तेव्हा इंजिनाची ताकद थोडी वाढवा. शेवटच्या क्षणी उघडले, तर वेगाचा सगळा हिशोब फिसकटतो. विसरलात तर बटण दाबूनही काही पडत नाही.

४. ट्रिम लावा. स्टिकवर जोर न देता विमान समतल राहिले पाहिजे. जोर देऊन समतल ठेवलेले विमान बटण दाबताना हमखास हलते.

५. घसरण दाखवणारा चेंडू मधोमध आणा. विमान दोन अंश तिरके सरकत असेल, तर बॉम्ब १२ मीटर बाजूला जातो.

६. जहाजाच्या कुशीवर काटकोनात या. शंभर मीटर लांबीचे लक्ष्य असल्याने डाव्या-उजव्या बाजूची चूक माफ होते. जहाज दहा नॉट वेगाने चालत असेल, तर बॉम्ब पडेपर्यंत ते सोळा मीटर सरकते. तेवढे पुढे धरा.

७. जहाज ८ अंशांच्या खुणेवर आले की सोडा. ही खूण पहिल्यांदा शोधायला खेळातली लेबले चालू करा, अंतर ३५० मीटरच्या आसपास आले की पॉज करा आणि जहाजाची पाणरेषा पुढच्या काचेवर कुठे दिसते ते टिपून ठेवा. दृष्टिकोनाचा झूम आणि डोक्याची जागा दर वेळी तीच हवी. हेड-ट्रॅकिंग (डोके वळेल तसे दृश्य वळवणारे उपकरण) वापरत असाल, तर धावेआधी मध्यबिंदू नव्याने लावा, नाहीतर काचेवरची खूण खोटी ठरते.

काही विमानांत लांब नाकामुळे हा ८ अंशांचा बिंदू दिसतच नाही. तिथे मोजणी करावी लागते. समजा लक्ष्य ५ अंशांवर नाकाआड गेले. तेव्हा ते ५७० मीटरवर असते, म्हणजे सोडण्याच्या जागेपर्यंत दोन सेकंद उरतात. 'एकशे एक, एकशे दोन' म्हणा आणि सोडा. डोलकाठ्या तुमच्यापेक्षा खाली आहेत याची खात्री तोवर झालेली असावी.

८. सोडल्यावर सरळच जा. जहाज ओलांडेपर्यंत वळण नाही. लगेच वर चढलात, तर विमानाचे अख्खे पोट तोफांपुढे उघडे पडते. पाण्याला धरून दोन किलोमीटर निघून जा, मग वळा.

टप्पा

बॉम्ब नेमका कुशीवरच आदळला पाहिजे असे नाही. चपटा खडा पाण्यावर आडवा फेकला की टप्पे घेत जातो, तसा थोडा अलीकडे पडलेला बॉम्ब उसळून जहाजापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे शंका आली तर किंचित आधी सोडा. पलीकडे पडलेला बॉम्ब कधी परत येत नाही. पन्नास मीटरवरून बॉम्ब पाण्याला साधारण १६ अंशांनी भिडतो. शंभर मीटरवरून हाच कोन २२ अंशांच्या आसपास जातो आणि बॉम्ब उसळण्याऐवजी पाण्यात घुसण्याची शक्यता वाढते. उंची वाढवून सुरक्षित वाटते खरे, पण टप्पा हातचा जातो.

जमिनीवर हीच उसळी त्रास देते. कडक मातीवर पडलेला बॉम्ब विलंबाच्या पाच सेकंदांत उड्या मारत लक्ष्याच्या पार जातो. म्हणून मोकळ्या रस्त्यावरच्या एकट्या ट्रकवर हे तंत्र वाया जाते. मागे रेल्वेचा भराव किंवा भिंत असेल, तर बॉम्ब तिथे अडतो. ताफा असेल, तर त्याच्या लांबीच्या दिशेने या. आणि जमिनीवर उंचीमापकावर विसंबू नका: तो पायाखालच्या टेकडीची उंची वजा करत नाही.

जोडीने जाताना

तुमच्यामागे बरोबर पाच सेकंदांनी येणारा सोबती तुमच्या बॉम्बच्या स्फोटातच शिरतो, कारण बॉम्ब पडला तेव्हा तुम्ही त्यावर होता आणि फुटेल तेव्हा तो असेल. अंतराने मोजले तर साडेपाचशे मीटर, म्हणजे रांगेत उडताना सहज पडणारेच अंतर. एक तर शेजारी-शेजारी एकाच वेळी टाका, नाहीतर मागच्याने किमान दहा-बारा सेकंदांची फट ठेवावी.

प्रत्येक धावेचे रेकॉर्डिंग बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहा, आणि बॉम्ब कुठे पडला हे पाहण्याआधी तो सुटला त्या क्षणाला थांबवा. नाक वर आहे का, उंची किती, वेग किती. या तीन गोष्टी सलग दहा धावांत सारख्या निघाल्या की मगच वारा आणि तोफा चालू करा.