डीस्पेसमध्ये एकगठ्ठा नोंदी चढवताना या चुका टाळा

डीस्पेस हे ग्रंथालयांचा आणि संस्थांचा डिजिटल संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात नोंदींची आयात मध्येच अडली, लाल अक्षरांत एरर आली, तर ते एक प्रकारे बरंच. खरा त्रास देतात त्या निमूटपणे आत शिरलेल्या चुका. त्यातल्या बहुतेक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की सुरू होतात. १३ अंकी आयएसबीएनचा ९.७८ई+१२ होतो, '२०१९-०३' ही तारीख 'मार्च-१९' होते, दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. देवनागरीच्या जागी कधी प्रश्नचिन्हं उरतात. तशीच फाइल सेव्ह केली तर मूळ आकडे परत मिळत नाहीत. म्हणून लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये यूटीएफ-८ (देवनागरी नीट राखणारी अक्षरसंकेताची पद्धत) निवडा आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' म्हणून उघडा.

दोन लेखक असतील तर मध्ये स्वल्पविराम नको, दोन उभ्या रेघा (||) हव्यात. नाहीतर लेखकसूचीत दोघांचा मिळून एकच लेखक तयार होतो.

सगळ्यात महागात पडते ती रिकामी चौकट. आधीपासून असलेल्या नोंदी सीएसव्हीने दुरुस्त करताना रिकामी चौकट म्हणजे 'ही माहिती पुसून टाक' असाच अर्थ डीस्पेस घेतं. ज्या रकान्याला हात लावायचा नाही, तो फाइलमधून अख्खा काढून टाका. बदलांची यादी आधी पडद्यावर येते. ती न वाचताच पुढे जाणारे बरेच.

फाइलींसकट नोंदी चढवायच्या तर सिंपल आर्काइव्ह फॉरमॅट लागतो: प्रत्येक नोंदीचा वेगळा फोल्डर, त्यात डब्लिन कोअरची (शीर्षक, लेखक अशा माहितीच्या ठरलेल्या साच्याची) एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये माहिती मांडणारी फाइल, आणि 'कंटेंट्स' ही फाइलनावांची यादी. यादीतलं नाव फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. शीर्षकातला सुटा '&' एक्सएमएल मोडतो, पण तो निदान ओरडून सांगतो.

आयातीत तयार होणारी मॅपफाइल मात्र जपून ठेवा. कोणत्या फोल्डरची कोणती नोंद झाली ते तिच्यात असतं. आयात अर्धवट राहिली तर पुढे चालू करायला आणि चुकलेला गठ्ठा एकदम काढायला तीच लागते. ती हरवली की नोंदी एकेक शोधून काढत बसा.

सगळं नीट चढूनही मजकुरातला शब्द शोधात सापडत नसेल, तर पीडीएफमधली एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. काहीच आलं नाही तर ते नुसतं स्कॅन आहे, ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या. अगम्य अक्षरं आली तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे. मजकूर ठीक निघाला, तर 'फिल्टर-मीडिया' (फाइलींतला मजकूर शोधासाठी बाहेर काढणारी डीस्पेसची आज्ञा) चालवायचं राहिलंय का ते पाहा.