आयरिसचे कंद कुजायचे कसे थांबले

दोन वर्षं माझ्या दाढीवाल्या आयरिसची पानं हिरवीगार, फूल मात्र एकही नाही. (दाढी म्हणजे खालच्या पाकळ्यांवरची केसाळ पट्टी.) तिसऱ्या वर्षी पानं बुडापासून लोळायला लागली. एक कंद उपटला तर बोटाखाली पचकन दबला. आत लगदा, आणि नाक दाबावं असा वास.

चूक माझीच. गुलाबासारखे तिचे लाड केले होते: ताजं शेणखत, वर युरिया, आणि कंद बटाट्यासारखे खोल पुरलेले. नत्र जास्त झालं की पानं माजतात, कंद लुसलुशीत होतो आणि कूज आत शिरते.

पाण्याचा निचरा होतो का ते पाहायला फूटभर खड्डा करून पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी होतंच! मग वाफा 6 इंच उचलला, चिकण मातीत बारीक खडी आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळलं. आयरिसला मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी माती आम्ल) 6.8 च्या आसपास मानवतो, माझ्या मातीचा 5.8 निघाला, म्हणून थोडा चुना घातला.

कंदांचा सडका भाग कडक गाभा लागेपर्यंत खरवडला, दोन दिवस सुकवले. मातीच्या उंचवट्यावर कंद, मुळं दोन्हीकडे खाली पसरलेली, पाठ उघडी. असं उघडं ठेवताना जीव खालीवर होतो, पण तिला ऊनच हवं असतं.

खत आता फक्त 5-10-10 (नत्र, स्फुरद, पालाश यांचं टक्क्यांतलं प्रमाण; म्हणजे नत्र कमी), तेही बेताने: वसंताच्या सुरुवातीला आणि बहर सरल्यावर महिन्याने. कंदावर दाणा पडू देत नाही, भोवतीने टाकते. पहिल्या वसंतात फुलांचे दोनच दांडे आले. यंदा सात.