स्वस्तातली स्कॉच बेचव लागतीय? आधी या चुका टाळा

टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाईट नाहीतर व्हॅट 69 आणायची, दुसऱ्या पेगला तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं की हिच्यापेक्षा आपली नेहमीची बरी. राव, बाटलीला शिव्या घालायच्या आधी पाणी बघा, निम्मा घोळ तिथंच असतो.

आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी कसंय ते तापवायच्या भांड्याच्या बुडाला बसलेला पांढरा थर बघितला की कळतं, आणि तेच पाणी पेगमधे गेलं की स्कॉचचा गोडसरपणा दबतो, मागं नुसती खडूसारखी चव राहते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवलं की बराच उडतो, क्षार मात्र जात नाहीत, त्यामुळं आरओचं पाणी घ्या आणि बर्फ पण त्याचाच लावा. पटत नसेल तर एकाच बाटलीतली दोन ग्लासात काढा, एकात बोअरचं, एकात आरओचं, माप सारखं, आणि कुठला कोणता ते न सांगता दोस्ताला द्या.

पाणी घातलं की स्कॉचचा अपमान होतो हे खूळ पण डोक्यातनं काढा. ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून स्कॉच बनवणारे, स्वतः वास घेताना पाणी घालून तिचं अल्कोहोल साधारण 20 टक्क्यांवर आणतात. आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे 30 मिलीत 30 मिली पाणी घातलं की हिशोब जवळपास तिथंच येतो. सुरुवात चमचाभर पाण्यानं करा, मग वाढवत न्या. सोडा मारायचा तर खुशाल मारा, पण मग टेस्टिंग करायलोय म्हणू नका. बर्फाचं पण तेच, जास्त गार केली की वास झोपतो.

ग्लास स्टीलचा नको, वर निमुळता काचेचा बघा. ओतली की पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, आणि आत नाक खुपसू नका, तोंड जरासं उघडं ठेवून लांबूनच हुंगा, नाहीतर नुसता स्पिरिटचा झटका बसतो.

टीचर्सला धुराचा वास येतो म्हणून "डुप्लिकेट दिली" असं म्हणत दुकानदाराशी भांडणारे पण असतात. तिच्यात आर्डमोर डिस्टिलरीचा माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) असतो आणि ती बार्ली पीटच्या (दलदलीत कुजलेल्या झाडोऱ्याचं जळण) धुरावर वाळवतात, तो वास मुद्दाम आणलेलाय. तसंच रंग गडद म्हणजे जुनी असंही नाही, स्कॉचमधे कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. बाटलीवर वय नसेल तर किमान 3 वर्षं लाकडी पिंपात मुरलेली एवढंच समजायचं, आणि 12 लिहिलं असेल तर आतली सगळ्यात तरुण व्हिस्की 12 वर्षांची.

आता चकणा! लसणाची लालभडक चटणी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवून कसली टेस्टिंग, तिखटानं जीभ आधीच पेटलेली असते आणि अल्कोहोल त्याच आगीत तेल ओततं. फुटाणे, खारे नसलेले शेंगदाणे चालतील. ठेचा नंतर, भाकरीबरोबर.

उरलेली बाटली आडवी ठेवू नका, आणि एप्रिल-मेमधे पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबातच नको. कपाटात, अंधारात, झाकण घट्ट लावून उभी ठेवा. पाव बाटलीच राहिली असेल तर आत हवा जास्त होते, तेव्हा महिनोन्‌महिने पाहुण्यांसाठी राखू नका, नाहीतर छोट्या क्वार्टरच्या बाटलीत काढून ठेवा, पण ती आधी धुऊन पूर्ण वाळवा.