जुन्या अमेरिकन गाडीला बदली इंजिन निवडताना

इंजिन बघायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या इंजिनांच्या बाजारात जाण्याआधी गाडीचं आरसी बुक काढून समोर ठेवा. इंजिन नंबर, इंधन आणि सिलिंडरची संख्या त्यात लिहिलेली असते. बदलीचं इंजिन यातलं काय काय बदलणार, त्यावर पुढची कटकट ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी फारकत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. त्यामुळे त्याच जातीचं इंजिन वेगळ्या नंबरसह बसवणं आणि सहा सिलिंडरच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट घालणं ही आरटीओच्या लेखी दोन वेगळी प्रकरणं आहेत. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी जिथे गाडीची नोंद असेल तिथे आधी लेखी अर्ज करा, मगच पैसे मोजा. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्या. पावती नाही म्हणणाऱ्याचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी सोडून द्या.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर जुलै २०२१ च्या नियमांखाली तिला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. व्हिंटेज नंबर हवा की मोठं इंजिन, हे आधीच ठरवा. दोन्ही एकत्र जमत नाहीत.

गाडीत आता काय आहे ते बघा

मुंबईतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्या इथेच जुळलेल्या आहेत. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला, कुर्ल्याला प्रीमिअरमध्ये १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळू लागल्या. या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आहे, आणि इंजिन निवडताना सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. अमेरिकन मॅन्युअलमध्ये ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी बाजू. शेव्हीच्या, म्हणजे शेव्हरोलेटच्या, ‘स्मॉल ब्लॉक’ (आटोपशीर ब्लॉकच्या) व्ही-एटचा सेल्फ इंजिनाच्या उजव्या बाजूला, खाली असतो. अमेरिकेत तिथे मोकळी जागा असते, आपल्याकडे नेमका तिथेच स्टिअरिंग बॉक्स आणि त्याचा दांडा येतो. उजव्या बाजूचा एक्झॉस्टही त्याच जागेत घुसतो. मधून सरळ खाली उतरणारे, ब्लॉकला चिकटून जाणारे जुने ‘रॅम्स हॉर्न’ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मिळाले तर बऱ्याचदा प्रश्न सुटतो. बाजारातले लांब पाइपांचे हेडर मात्र डाव्या स्टिअरिंगच्या मापाने वळवलेले असतात. ते इथे बसत नाहीत, आणि फोटो बघून मागवले की पैसे गेलेच समजा.

दुसरी खास मुंबईची भानगड म्हणजे डिझेल. पेट्रोल महागल्यावर शेकडो शेव्हरोलेट आणि डॉजमध्ये पर्किन्स किंवा मॅटॅडोरचं डिझेल इंजिन घातलं गेलं. अशी गाडी हातात आली तर बॉनेट उघडून इंजिनाकडे बघू नका, खाली झोपून क्रॉसमेंबरकडे, म्हणजे चॅसीच्या आडव्या दांडीकडे बघा. डिझेलचा चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) बसावा म्हणून तो मधून कापलेला असतो, फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते, मूळ ब्रॅकेट गॅसकटरने उडवलेले असतात आणि जागी पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. मूळ गिअरबॉक्सही बहुतेक वेळा गायब असतो. म्हणजे मूळ जातीचं पेट्रोल इंजिन आणलं तरी ते टेकवायला जागा नाही आणि गिअरबॉक्सला जोडायला बेलहाउसिंग (मधलं घंटेच्या आकाराचं कवच) नाही. आधी क्रॉसमेंबर, गिअरबॉक्स आणि बेलहाउसिंग मिळतंय का ते बघा, इंजिन त्यानंतर. आरसीवर इंधन ‘डिझेल’ झालेलं असेल तर तेही बदलून घ्यावं लागेल.

तिसरी गोष्ट मागची. १९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेटमध्ये आणि १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसून टॉर्क ट्यूबमध्ये बंद असतो. गाडीला पुढे ढकलण्याचा जोर याच नळीतून गिअरबॉक्सपर्यंत येतो. अशा गाडीत नव्या गिअरबॉक्ससह व्ही-एट घालायचं म्हणजे मागचा अॅक्सल, त्याचे लीफ बांधण्याची पद्धत, हँडब्रेक, सगळंच बदलायचं. फक्त इंजिन बदलायचं ठरवलेल्या माणसाने हे काम अंगावर घेऊ नये.

शेव्हरोलेट सिक्स

१९५४ पूर्वीच्या शेव्हरोलेटमध्ये बहुतेक २१६ घनइंचाचं, म्हणजे साडेतीन लिटरचं सिक्स असतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडना तेल दाबाने मिळत नाही. रॉडच्या टोपीला खाली छोटी चमच्यासारखी जीभ असते, ती तेलात बुडून तेल उडवते, आणि रॉडचं बेअरिंग म्हणजे रॉडमध्येच ओतलेला बॅबिट, हा मऊ मिश्रधातू. तो पुन्हा नीट ओतून मापात काढणारे कारागीर आता मोजकेच. म्हणून २१६ ची बेअरिंग गेली असतील तर त्याच घराण्यातलं २३५ घनइंचाचं, ३.९ लिटरचं इंजिन घ्यावं. १९५४ पासूनच्या मोटारींमधल्या २३५ ला पूर्ण प्रेशर लुब्रिकेशन आणि बदलता येणारे शेल बेअरिंग आहेत. १९५३ मध्ये ते फक्त पॉवरग्लाइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या गाडीत होतं.

विकणारा प्रत्येक २३५ ला ‘प्रेशरवालं’च म्हणेल. रॉकर कव्हर वर मधोमध दोन नटांनी धरलेलं असेल तर ते बहुधा जुनं, कडेने चार स्क्रू असतील तर बहुधा नवं. पण कव्हर कुठलंही कुठेही लावता येतं, त्यामुळे चेंबर उतरवून रॉडच्या टोप्या बघितल्याशिवाय सौदा करू नका. टोपीला जीभ दिसली की ते जुनंच समजायचं.

२३५ जुन्या गाडीच्या बेलहाउसिंगला जुळतं, टॉर्क ट्यूब तशीच राहते. अडचण पुढे येते. फाउंडेशनची पुढची प्लेट तुमच्या गाडीची लावावी लागते, आणि ती टायमिंग गिअरच्या मागे असल्याने कॅमशाफ्ट बाहेर काढावा लागतो. ब्लॉक ओव्हरहॉलला उघडला असतानाच हे उरकून घ्या. १९५५ नंतरच्या इंजिनाचा वॉटरपंपही वेगळ्या उंचीचा आणि लांबीचा, म्हणून पंखा आणि रेडिएटर यांत इंचभर अंतर राहतंय का ते आधी मोजा. ६ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलचे दाते वेगळे असतात. सेल्फ, फ्लायव्हील आणि बेलहाउसिंग हा संच फोडू नका. एकाचा सेल्फ दुसऱ्याच्या रिंगवर लावला की पहिल्याच आठवड्यात दाते खाल्ले जातात.

डॉज, प्लिमथ, डिसोटो

इथे मेजरिंग टेप न्यावाच लागतो. या तिन्ही गाड्या क्रायस्लरच्या. क्रायस्लरची साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये) सिक्स इंजिनं बाहेरून सारखी दिसतात, पण दोन लांब्यांची असतात. सिलिंडर हेड पुढून मागे मोजा: २३ इंच, म्हणजे ५८ सेंटिमीटरच्या आसपास, किंवा २५ इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. २१८ आणि २३० घनइंचाची अमेरिकन डॉज-प्लिमथ इंजिनं २३ इंची. कॅनडातली आणि मोठ्या गाड्यांतली २५ इंची. एकाच्या जागी दुसरं बसवलं की दोन इंचांनी फाउंडेशन, रेडिएटर आणि एक्झॉस्ट यांची जागा सरकते. हेड आणि हेड पॅकिंगही अदलाबदल होत नाही. नंबर पुढच्या डाव्या बाजूला, डायनॅमोच्या वर ब्लॉकवरच्या सपाट जागी ठोकलेला असतो. ग्राइंडर मारून पुन्हा ठोकलेला नंबर बोटाने खडबडीत लागतो.

या इंजिनात एक वस्तू बघायची कोणी तसदी घेत नाही, आणि इंजिन त्यामुळेच मरतं. वॉटरपंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, लांबच्या लांब एक पत्र्याची चपटी नळी असते. तिला भोकं असतात, आणि थंड पाणी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी तीच पोचवते. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी साधं पाणी भरलं की ती गंजते, कधी मध्येच तुटते. मग पाणी पुढच्या दोन सिलिंडरमध्येच फिरतं आणि मागचे पाच-सहा नंबर तापून व्हॉल्व्ह जळतात. गेजवर मात्र हे दिसेलच असं नाही, म्हणून काटा हिरव्यात आणि इंजिन मरणाच्या दारात. वॉटरपंप काढा, टॉर्च मारा, नळीचं तोंड दिसेल. हुक घालून ओढली की सरळ बाहेर आली पाहिजे. तुकड्यातुकड्याने आली तर ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं) काढून मागच्या टोकाचा गाळही खरवडावा लागेल, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. नवी नळी पितळेची किंवा स्टेनलेसची बनवून घेतलेली बरी. भोकांची जागा जुन्या नळीप्रमाणेच ठेवा.

व्ही-एट घालायचंच असेल तर

१९५५ नंतरच्या, उघड्या शाफ्टच्या शेव्हरोलेटमध्ये स्मॉल ब्लॉक शोभतो, कारण ती गाडी तशी बनलीच होती. २८३ घनइंच (१९५७ पासून), ३२७ (१९६२ पासून), ३५० (१९६७ पासून) ही बाहेरून जवळजवळ एकाच मापाची. तरी काही खाचखळगे आहेत. ५५ ते ५७ च्या गाड्यांमध्ये फाउंडेशन इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतं, ब्लॉकच्या बाजूची फाउंडेशनची जागा १९५८ पासून आली. ३५० चं मागचं मेन सील १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एका तुकड्याचं. दोन्हींच्या क्रँकला फ्लायव्हीलचे बोल्ट वेगवेगळ्या वर्तुळावर येतात आणि बॅलन्सही वेगळा असतो. ४०० घनइंचाच्या इंजिनाला तर स्वतःचाच डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकाची हादरे शोषणारी चकती) आणि स्वतःचीच फ्लायव्हील लागते. फोर्डच्या ३०२ मध्येही तेच: जुनं २८ औंसाच्या असमतोलाचं, १९८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून ५० औंसाचं. चुकीची फ्लायव्हील लावली तर गाडी चालेल, पण हादरून मेन बेअरिंग खाईल.

स्मॉल ब्लॉकचा कास्टिंग नंबर मागे, डाव्या बाजूला, बेलहाउसिंगच्या कडेवर ओतलेला असतो. ठोकलेला कोड पुढे, उजव्या हेडच्या खाली. दोन्हींचे फोटो घ्या आणि घरी येऊन ताडून बघा. पूर्ण लोखंडी इंजिन अडीचशे किलोच्या वर भरतं, म्हणून चेनपुली एक टनाची घ्या. जुने ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर तसाच ठेवून व्ही-एट घालणाऱ्याला आमचा सल्ला सरळ आहे: घालू नका.

परदेशातून जुनं इंजिन मागवायचं म्हटलं तर वापरलेल्या मालाच्या आयातीला परवानगी लागते. नवं क्रेट इंजिन (कंपनीतून खोक्यात तयार येणारं) ड्युटी भरून न्हावा शेवाला उतरवणं त्यापेक्षा सोपं, पण खर्च डोळे पांढरे करणारा.

बाजारात तपासणी

रंग लावलेलं इंजिन आणि ‘चालू स्थितीत’ हे शब्द, दोन्हींना सारखीच किंमत द्या: शून्य. सगळे प्लग काढा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. प्लगच्या भोकात बोट घाला. ताजं तेल लागलं तर कॉम्प्रेशन चांगलं दिसावं म्हणून ते ओतलेलं असू शकतं. मग थ्रॉटल उघडा ठेवून, सेल्फने प्रत्येक सिलिंडरचे चार-पाच स्ट्रोक घेऊन गेज वाचा. व्ही-एटला १३० ते १६० पीएसआय, साइड व्हॉल्व्हला शंभरच्या आसपास ठीक. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या पंधरा टक्क्यांच्या आत हवा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेले असतील तर हेड पॅकिंग उडालंय. फोर्डच्या साइड व्हॉल्व्ह व्ही-एटमध्ये व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे जाणारी चीर नेहमीची, ती भेगा दाखवणारा रंग (डाय) टाकून बघून घ्या. ब्लॉक आणि हेडची पाण्याची प्रेशर टेस्ट मशीन शॉपमध्ये होते, सौदा त्या टेस्टच्या अटीवर करा.

हेड निघत असेल तर पिस्टनवरचा आकडा वाचा. ‘०३०’ म्हणजे एक बोअर झालेला आहे, सिलिंडर एकदा कापून मोठे केलेत. ‘०६०’ दिसला, म्हणजे दीड मिलिमीटर, तर पुढच्या बोअरला जागा जवळजवळ उरली नाही. पातळ भिंतीचं इंजिन मे महिन्यात सायनच्या सिग्नलला तापणारच. बोअरमध्ये वर आणि खाली पाच हजारांश इंचाहून जास्त फरक असेल तर बोअरिंग नक्की. म्हणून इंजिनाचा भाव ठरवण्याआधी त्या मापाचे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग मिळतात का, हे ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारून या.

पेट्रोल

शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, आणि व्हॉल्व्ह सीटची झीज अडवणारं शिसंही गेलं. १९७० पूर्वीचं हेड उघडलंच तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तेवढ्याच हवेसाठी ते शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरच्या जुन्या मापाच्या जेटवर (इंधनाच्या भोकावर) इंजिन लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालतं आणि तापतं. जेट एक-दोन माप मोठे घाला, कार्बोरेटरचा पंप डायफ्राम आणि सगळे रबरी होज इथेनॉल सहन करणारे घ्या. कॉम्प्रेशन रेशो लोखंडी हेडला नऊच्या आसपास ठेवा. साडेदहाचं जुनं हाय कॉम्प्रेशन इंजिन कागदावर कितीही मोहक वाटलं तरी आपल्या ट्रॅफिकमध्ये ते खडखडतं, आणि ती खडखड थांबवायला टायमिंग मागे घेतलं की वाढीव ताकद त्यातच जाते.