जुना गेम उघडताच बंद पडतो?

गणपतीत मालवणला भाच्याने माझा २००४ सालचा रेसिंग गेम लावला. लोगो दिसला की गायब. पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. गेमच्या ईएक्सईवर, म्हणजे तो सुरू करणाऱ्या फायलीवर, राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारी डीएलएल (गेमला लागणारी मदतनीस फाईल) सापडत नाही म्हणाला, तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाईम, म्हणजे गेमचं चित्र-आवाज चालवणाऱ्या फायलींचा संच, टाका. विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फायली त्यात नसतात. आमचं घोडं इथेच अडलं होतं. सुटी डीएलएल भलत्याच साईटवरून मात्र उतरवू नका.

वीस मिनिटं चालून मग बंद पडत असेल, तर आधी कॉम्प्युटरचा पंखा बघा. खाऱ्या, दमट हवेत धुळीचा ओला नमदाच बसतो तिथे.