ओढा बुजवून बाग करू नका: पाणी आणि पूर सांभाळताना आपल्या शहरांच्या हातून होणाऱ्या चुका

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्या आणि विहिरींभोवती जमावबंदी लावावी लागली होती. याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 मध्ये असा पाऊस कोसळला की धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. पावसाळ्याची आपली सरासरी सुमारे 680 मिलिमीटर आहे, पण हा पाऊस चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. मोजक्या दिवसांत तो ओतून जातो आणि मधे वीस-वीस दिवस आभाळाकडे बघत बसावं लागतं.

त्यामुळे शहरांत ओढे, तळी, पाणथळ जागा, झाडं आणि माती यांच्या आधाराने पूर आणि टंचाई दोन्ही कमी करायची कामं निघू लागली आहेत. निसर्गाधारित उपाय हे त्यांचं कागदावरचं नाव. कामं चांगली आहेत आणि ती व्हायलाच हवीत. वॉर्डातल्या लोकांबरोबर आणि नगरपालिकेच्या अभियंत्यांबरोबर अशा कामांवर फिरताना त्याच त्याच चुका पुन्हा दिसतात, पैसा जातो, आणि पुढच्या वर्षी लोक म्हणतात, "हे असलं काही आपल्याकडे चालत नाही." चालतं. कुठे अडतं तेवढं आधी बघायला हवं.

पाण्याची वाट न बघता जागा ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. महापालिकेची मोकळी जागा कुठे आहे ते पाहून तिथे बाग, तळं किंवा शोषखड्डा ठरतो. पाणी मात्र दोन गल्ल्या सोडून वाहत असतं. एका कॉलनीत मी पाहिलं, उंचवट्यावर सुंदर पावसाळी बाग (पावसाचं पाणी मुरवणारी खोलगट बाग) केली होती. तिच्यात कधीच पाणी आलं नाही, आणि खालच्या अंगाच्या तळमजल्यांत दर सप्टेंबरला गुडघाभर पाणी शिरायचं. मधला ओढा प्लॉटिंगमध्ये बुजला होता.

गुंठेवारीच्या वस्त्यांत हे जागोजागी आहे. शेत होतं तेव्हा तिथून ओहोळ जायचा. तुकडे पडले, रस्ते पडले, ओहोळ कुणाच्या तरी स्वयंपाकघराखाली गेला. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढा. त्यावर नाला दाखवलेला असतो. तो आजच्या उपग्रह नकाशावर ठेवला की कोडं बऱ्यापैकी सुटतं. निजामकाळातल्या काही नोंदी उर्दूत आहेत, त्या वाचणारी वडीलधारी माणसं अजून आहेत तोवर वाचून घ्या.

नकाशाहून मोठा पुरावा म्हणजे पाऊस चालू असताना केलेली फेरी. छत्री घ्या, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे अडतं याचे फोटो काढा. नाल्याकाठच्या बायकांना विचारा. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं, कोणत्या साली आलं, आधी कोणाच्या घरात शिरलं, हे त्या बोट लावून दाखवतात. सल्लागाराच्या अहवालात ती पायरी नसते.

नदी सुशोभित करताना तिला गटार करणं

दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, तळाला फरशी, वर जॉगिंग ट्रॅक आणि रंगीत दिवे. उद्घाटनाच्या दिवशी छान दिसतं. पण नदीचं पात्र अरुंद आणि गुळगुळीत केलं की पाणी वेगाने पुढे पळतं आणि पुढच्या पुलाखाली तुंबतं. तळ बंद झाल्याने आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळत नाही. म्हणजे पूर वाढला आणि उन्हाळ्याचं पाणीही गेलं.

बीडला बिंदुसरा शहराच्या मधून जाते. 1989 च्या जुलैत तिला आलेला पूर जुनी माणसं आजही सांगतात. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या पात्राला रिकामी जागा समजू नये, हे त्या शहराला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पूररेषा त्यासाठीच असतात. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. मोठ्या नद्यांना या रेषा आखलेल्या सापडतात, लहान ओढ्यांना बहुतेक ठिकाणी त्या नसतात. शहरातलं पाणी तर ओढ्यांतूनच चढतं. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत विचारा: या ओढ्याची पूररेषा कुठे आहे? नसेल तर पाटबंधारे विभागाकडून आखून घेण्याची मागणी लेखी द्या.

काठाला हवंच असेल तर उताराची मातीची बाजू ठेवा, जाळीत दगड भरून धूप थांबवा, आणि वर करंज, उंबर, वाळुंज, अर्जुन लावा. वाळ्याची मुळं माती घट्ट धरतात. पुराला पसरायला मैदान सोडा. ते मैदान दहा महिने मुलांना क्रिकेटला मिळतं, दोन महिने पाण्याला.

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीवर 2021 पासून जे काम झालं, त्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी कचरा. काठच्या वस्त्यांतून घराघरातून कचरा उचलला जाऊ लागला तेव्हा कुठे पात्र स्वच्छ राहण्याची शक्यता तयार झाली. घंटागाडी येत नसलेल्या गल्लीच्या तोंडाशी झाडं लावली तर त्या झाडांना पिशव्या लटकतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अतिक्रमण काढायची वेळ आली की पत्र्याची घरं आधी पडतात, ओढ्यावर स्लॅब टाकून उभी राहिलेली संकुलं तशीच राहतात. हा अन्याय तर आहेच, शिवाय पाणीही मोकळं होत नाही, कारण खरा अडथळा त्या स्लॅबचा असतो. ज्यांना हलवावं लागणार आहे त्यांच्या नव्या घराचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरा.

काळ्या मातीत शोषखड्डा

"खड्डा केला, पाणी मुरत नाही, डास झाले." ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. आमच्या सोसायटीतला पहिला खड्डा माझ्याच देखरेखीखाली झाला होता आणि त्यात ऑगस्टभर हिरवं पाणी साचून राहिलं. चार फूट खोदून मी थांबलो होतो. तिथे काळी माती सहा फूट होती.

काळी माती कोरडी असताना तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे पहिल्या पावसात वाटतं की पाणी झपाझप जिरतंय. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर थांबतं. त्याखाली मुरूम, त्याखाली बसाल्टचा खडक. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि कातळाच्या फटींत. खड्डा मुरमापर्यंत गेलाच पाहिजे.

आधी चाचणी करा, तिला खर्च नाही. ठरलेल्या जागी मुरूम लागेपर्यंत फूटभर रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि काठीवर खूण करून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. अर्ध्या इंचाहून कमी उतरत असेल तर ती जागा सोडा किंवा तिथे फक्त टाकी बांधून पाणी साठवा.

दुसरी अडचण आकाराची. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सरासरी पावसाळ्यात पडणाऱ्या पाण्यातलं सुमारे 50 हजार लिटर हाती लागू शकतं, म्हणजे पाच हजारांचे दहा टँकर. हा आकडा सांगून लोकांना उत्साह येतो. पण त्याच गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी एकदम येतं, आणि मीटरभर लांब-रुंद, दोन मीटर खोल, दगड भरलेल्या खड्ड्यात जेमतेम आठशे लिटर मावतं. उरलेलं कुठे जाणार? त्याची वाट आधीच काढून ठेवा: आधी टाकी, मग खड्डा, मग ओव्हरफ्लोचा पाइप थेट नाल्याकडे. शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको.

बोअरमध्ये थेट पाणी सोडायचं असेल तर फक्त गच्चीचं, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून, वाळू आणि खडीच्या गाळणीतून. रस्त्याचं किंवा पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. भूजल एकदा नासलं की पिढीभर निस्तरावं लागतं. खड्ड्यात पाणी तीन दिवसांपेक्षा जास्त राहत असेल तर वरचा गाळ काढून दगड धुऊन घ्या. तरीही राहिलं तर चूक जागेची आहे. मोठ्या तळ्यात गप्पी मासे सोडा, मलेरिया विभागाकडे मिळतात.

तळ्यात सांडपाणी, वर कारंजं

जलपर्णी काढायला दरवर्षी निविदा निघत असेल तर समजा की तळ्यात सांडपाणी येतंय. जलपर्णी त्याच खतावर वाढते. नळ्या शोधा, वळवा. शुद्धीकरण केंद्राला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात तळ्याच्या तोंडाशी गाळ बसायला एक कुंड आणि त्यापुढे कर्दळ, पाणकणीस, देवनळ लावलेला पट्टा करता येतो. पण त्या वनस्पती ठरावीक दिवसांनी कापून बाहेर न्याव्या लागतात. तिथेच कुजू दिल्या तर शोषलेली घाण परत पाण्यात उतरते.

गाळ काढतानाही सांभाळून. जालन्याच्या घाणेवाडी तलावातून नागरिकांनी वर्गणी जमवून गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो रानात नेला, दोघांचं भलं झालं. पण साठवणीच्या तळ्यात गाळ संपल्यावरही पोकलेन चालूच ठेवला तर तळाचा चिकणमातीचा थर फुटतो आणि तळं गळायला लागतं. गाळ संपून चिकणमाती लागली की थांबा.

झाडांबद्दल थोडक्यात

खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक लावू नका, किमान मीटरभर माती उघडी ठेवा. लवकर हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पससारखं परदेशी झाड नको. कडुलिंब, वड, पिंपळ, करंज आपला उन्हाळा ओळखतात. मुरमाड माळ म्हणजे पडीक जागा समजून दाट जंगल करायला जाऊ नका, गवताळ माळाचंही काम असतं. आणि पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहिल्याशिवाय रोप लावू नका.

जुनं आहे ते न मोजणं

मलिक अंबरने सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या उत्तरेच्या डोंगरांतलं भूजल जमिनीखालच्या नहरींतून, नुसत्या उताराच्या बळावर गावात आणलं. तिथली पाणचक्की पुढे अशाच दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर फिरायची. बीडची खजाना विहीर त्याच शहाणपणातली. परभणी जिल्ह्यात वालूरसारख्या बारवा गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळ्या केल्या. आपल्या शहरांत किती आड आणि बारवा कचऱ्याखाली आहेत याची यादीसुद्धा बहुतेक ठिकाणी नाही. नवा प्रकल्प लिहिण्याआधी वॉर्डनिहाय ती यादी करा. मात्र गाळ काढण्यापूर्वी बांधणी जाणणारा माणूस बोलवा, नहरीवर सिमेंट ओतून दुरुस्ती होत नाही.

देखभालीचा रकाना कोरा

बांधकामाला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. अंदाजपत्रकात पाच वर्षांची देखभाल वेगळी दाखवा आणि ठेकेदाराचं शेवटचं देयक दोन पावसाळे झाल्यावर द्या. दरवर्षीची कामं ठरलेली आहेत: मे संपायच्या आत गाळकुंडं, जाळ्या आणि ढाप्यांखालचे नाले साफ, पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी फेरी, ऑक्टोबरमध्ये आजूबाजूच्या विहिरींची पाणीपातळी मोजून वहीत नोंद, आणि पुन्हा मार्चमध्ये. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर ठेवू नका, त्याच दिवशी उचला, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीत तो जिथून काढला तिथेच परत जातो.